त्या दुपारी आजीशी कोण बोललं?

मंडळी, आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, दृष्ट काढणं यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. वडील विज्ञानाचे शिक्षक. मांजर आडवं गेलं की ते मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे आणि आम्हाला न्यायचे! पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. लग्न होऊन मी सांगलीहून बोईसरला आले होते. नवरा तारापूरच्या कारखान्यात, आणि मी नर्सिंग शिकलेली, म्हणून पालघरला कोळगावच्या बाजूला एका लहानशा वृद्धाश्रमात नोकरीला लागले. तिथली पद्धत मला फार आवडायची. औषधं, अंघोळ, कपडे आम्ही बघायचो, पण ज्यांचे घरचे जवळपास राहतात त्यांनी एक तरी काम स्वतःच्या हाताने करायचं. कोणाचा मुलगा दाढी करून द्यायचा, कोणाची लेक वेणी घालायची.

सातपाटीच्या मथुराआजींचं दुपारचं जेवण त्यांच्या सुनेकडे, हिराकडे होतं. आजी पडल्यापासून चालत नव्हत्या, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि घरातले सगळे एकतर समुद्रावर नाहीतर बाजारात. हिरा पालघरच्या बाजारात मासळी विकायची आणि टोपली रिकामी झाली की थेट आमच्याकडे यायची. आश्रम शुद्ध शाकाहारी! टोपली फाटकाबाहेर ठेव, साबणाने हात धू, असं माझं रोजचं टुमणं. ती धुवायची बिचारी, पण ताज्या मासळीचा वास असा जातोय होय? आणि आजींना तर तोच हवा असायचा. मी घास धरला की ओठ घट्ट मिटायच्या. लहान मुलं परवडली.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता अवचित वादळ झालं. सातपाटीच्या बाकी होड्या परतल्या, हिराच्या नवऱ्याची, धर्माची परतली नाही. सकाळी हिरा फाटकाशी आली ती टोपलीशिवाय, डोळे सुजलेले. म्हणाली, "सिस्टर, आयला सांगू नका. ती अन्न सोडंल. मी हिला बघू का त्याला?" आमचं तिथंच ठरलं. ती बंदरावर थांबणार, आजींना मी सांभाळणार, आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही.

पण आजींना मधुमेह. गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ. एक दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मला भलतीच शक्कल सुचली. आजींना दिसत नाही, तर आपणच हिरा व्हायचं! आमच्या चौकीदाराच्या डब्यात सुके बोंबील असायचे (हो, शाकाहारी आश्रमाच्या फाटकावरच). त्याच्याकडून एक मागून घेतला आणि दोन्ही हातांना चोळला. सांगलीची बोली ऐकली की बिंग फुटणार, म्हणून तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून भातवरणाचा घास पुढे केला.

आजींनी वास घेतला. घास खाल्ला. मी मनातल्या मनात नाचले!

दुसऱ्या घासाला त्या थांबल्या. "सुकी इकतंस?" म्हणाल्या. "ताजी नाय? होडी लागली नाय काय?"

बोंबलाला वास असतो एवढंच आम्हा घाटावरच्यांना कळतं. ताजी मासळी विकणारी बाई अचानक सुकी विकायला लागली तर घरची होडी आलेली नाही, हे मला कुठून ठाऊक असणार? मी घास तसाच पुढे धरला.

आणि मग... आजींनी मान कलती केली. माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं. कोणी काही सांगत असावं तशा हुंकार देत राहिल्या. "हां... हां... मुरब्याला? खडकावर? हात कापला?" मग माझं मनगट धरून इतक्या जोरात ढकललं की ताट सांडलं. "मंग हितं काय करतंस? जा!"

मी धावले, अक्षरशः धावले! रिक्षा करून सातपाटीचं बंदर गाठलं आणि हिराला सगळं सांगितलं. भोवतीचे पुरुष म्हणाले, वारा उलटा होता, मुरब्याला, म्हणजे खाडीपलीकडच्या गावाला, होडी लागायची नाही. हिराने कोणाचं ऐकलं नाही. खाडीतल्या होडीत उडी मारली, आणि जन्मात कधी होडीत न बसलेली मी तिच्या मागे.

पलीकडे मुरब्याच्या लोकांना घेऊन आम्ही गावाच्या पुढे किनाऱ्याने पळत सुटलो. आणि दिसली! खडकात अडकलेली, कलंडलेली होडी. भरतीचं पाणी चढत होतं. वर धर्मा आणि दोन खलाशी. धर्माच्या उजव्या हाताला लुंगी बांधलेली, रक्ताने भिजलेली. दोर टाकून तिघांना काढलं. भरती पूर्ण चढली तेव्हा त्या होडीचं एक फळकूटही जागेवर राहिलं नव्हतं. मी आणि हिरा वाळूत बसून एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. काय आनंद होता तो, काय सांगू!

हाताला टाके घालून झाल्यावर संध्याकाळी धर्मा आश्रमात आला आणि डाव्या हाताने त्याने आईला भरवलं. आजी सगळं जेवल्या. मी विचारलं, "आजी, तुम्हाला कळलं कसं?"

त्या म्हणाल्या, "मना काय कलनार? हिरानं सांगितलं. कानाशी येऊन बोलली."

मी सुटकेचा श्वास टाकला. मला हिरा समजल्या होत्या, बाकीचं त्यांच्या मनाने रचलं असेल, झालं. पण शेजारच्या खाटेवर गोखलेबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, कान तिखट, गप्पाटप्पांचा तिटकारा. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "सिस्टर, मलाही विचारायचं होतं. दुपारी तुम्ही भरवत होतात तेव्हा हिरा मुरब्याचं काहीतरी सांगत होती ना? आवाज आला, पण ती दिसली नाही कुठे."

हिरा दारातच उभी होती. दुपारी ती बंदरावर होती, हे अर्ध्या सातपाटीने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

वडिलांना पुढे हे सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसराच विषय काढला. तीन माणसं ज्या निरोपामुळे वाचली तो हिराच्या आवाजात आला, आणि तेव्हा तो हिरालाच माहीत नव्हता.