दारातला फळा

विद्यापीठाच्या सगळ्या सूचना पोर्टलवर गेल्या, तरी परीक्षा विभागाचे शिपाईमामा रोज सकाळी त्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहून काढत. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला टेकलेला.

"मामा, हे मोबाईलवर येतंय की," मी म्हणालो.

"येतंय की. पण पोरं वाचत्यात कुठं?"

परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडला. वर्ष जाणार या भीतीनं मी गडमुडशिंगीहून धापा टाकत आलो. फळ्यावर मुदतवाढ लिहिलेली होती, आणि खाली मामांची स्वतःची एक ओळ: 'आदी पानी प्या.' शेजारी स्टुलावर भरलेली कळशी.

हल्ली त्याच विभागात नोकरीला आहे; पोर्टलवर सूचना मीच टाकतो. त्या ओळीसाठी तिथं रकाना नाही.