उलट्या पावलांची जमात

ईरा, नील — हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. ते फार नीटनेटकं दिसायला लागलं, म्हणून फाडलं. हे तुमची आई वाचून दाखवेल. म्हणजे तिलाही कळेल — त्याचीही भीती वाटतेच आहे.

गेल्या रविवारी ईराने फोनवर तिच्या गोष्टीतले परग्रहवासी दाखवले. एक जमात उंच, टोकदार कानांची, हजार वर्षं जगणारी. दुसरी बुटकी, दाढीवाली, लघुग्रह खोदणारी. नील म्हणाला, "अगं, हे तर परीकथेतलेच. नुसते यानात बसवलेस." मीही हसले. आपले यक्ष, राक्षस, पाताळातले नाग — माणूस जुनीच भुतं नव्या पत्त्यावर पाठवतो, असं काहीतरी शहाणपणाचं बोलले. मग ईराने शेवटचं पान धरलं. उलट्या पावलांच्या बायका. "ही सगळ्यात दुष्ट जमात, आजी. तुझ्या गोष्टीतल्या हडळीवरून घेतली."

रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती.

अशी जमात कशी तयार होते, हे मला ठाऊक आहे. मी — कसं सांगू? — मी एक तयार केली होती.

बावीस वर्षांची होते, नगरहून राजूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागलेली. एका संध्याकाळी ओढ्याकाठून खोलीवर येताना मागे पावलं वाजली. एक जड, एक ओढत. मी किंचाळले, पळाले, पडले. मागे माझ्याच वर्गातली सखू होती, माझी विसरलेली छत्री घेऊन. तिचं एक पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं, "बाई लई भित्र्या हायेत. मलाच भूत समजल्या." वर्ग हसला. तीही हसली, आणि तिच्या हसण्यात मायाच होती. मला ते सहन झालं नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट सांगायचे. त्या शनिवारी हडळीची सांगितली. तिची पावलं कशी असतात इथवर आले, थांबले — आणि सखूच्या पायांकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? सगळा वर्ग माझ्या नजरेमागून गेला.

सोमवारी तिच्या शेजारी कोणी बसेना. बाजारात बायका पोरांना पाठीमागे ओढू लागल्या. कोणाचं तरी वासरू मेलं, तेही तिच्यावर आलं. मग तिचे वडील माझ्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. लोक तुमचं ऐकत्यात. एवढंच सांगा त्यास्नी, माझी पोर मानसाची हाय."

लोकांना सांगायचं तर सुरुवात कोणी केली, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "मुलं आहेत, विसरतील."

त्यांनी हात जोडले आणि गेले. सखू पुन्हा शाळेत आली नाही. वर्ष संपताच मी बेलापूरला बदली मागून घेतली. तिचं पुढे काय झालं? मी कधी विचारलं नाही. उत्तर मिळेल अशी भीती होती.

आणि तीच गोष्ट मी तुम्हाला सांगितली, मेच्या सुट्टीत, दोघांना जवळ घेऊन. त्याच ठिकाणी थांबून. तिथे थांबलं की मुलं दचकतात, हे मला माहीत होतं.

आता जिन्यावर कोणी पाय ओढत चढलं, की भर दुपारीही माझा हात लिहिता लिहिता थांबतो. भूत नसतं, हे मला कळतं. भूत असतं तर बरं होतं, असंही वाटतं.

ईरा, तिची पावलं उलटी नव्हती. एकच पाऊल आत वळलेलं होतं, आणि त्या पावलाने ती माझी छत्री द्यायला माझ्यामागे धावत आली होती.