तोड्या नाना आणि माझं पत्रक

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावद्याला आमच्या बागेत होतो. व्हॉल्व्ह वेळेवर उघडले होते, केळीला पाणी चालू होतं. नानांची बायको, अक्का, फोनवर एवढंच म्हणाली, "नाना गयात रे..." त्यांची माफी मागायची राहिली होती. ती आज इथे लिहून, सगळ्यांसमोर मागतो. कारण आरोपही मी सगळ्यांसमोरच केला होता.

नाना धुळ्याकडचे वायरमन. आमच्या शेतकरी गटाच्या बागांत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चोवीस व्होल्टच्या तारा त्यांनीच जोडल्या. जोड झाला की दोन बोटांनी ओढून पाहायचे, मग पुन्हा ओढायचे. "नाना, स्वतःवरही विश्वास नाही का?" मी एकदा विचारलं. "बठ्ठास्वर इस्वास शे," ते म्हणाले, "म्हनीसनच वढी देखस."

सगळ्यांवर विश्वास, म्हणूनच ओढून पाहणं. माझा मात्र त्यांच्यावर नव्हता. एका दुपारी ते एकटेच माती उकरून चांगले चालू जोड कापताना दिसले. मला पाहून पक्कड लपवली नाही, पुढचा जोड उकरायला घेतला. काम संपू नये म्हणून हा माणूस बिघाड पेरतोय, मी ठरवून टाकलं. चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलेला मी. संशय आला की मजकूर तयार! 'चालू जोड कोण तोडतं?' या मथळ्याचं पत्रक गावभर वाटलं. टपरीवर लोक विचारू लागले, "काय तोड्या नाना, आज कुणाचं तोडलं?" दोघा बागायतदारांनी त्यांचं काम बंद केलं. पत्रक हातात घेऊन नाना माझ्याकडे आले. "तू लिखं ते खरं शे. जोड मीच तोडात. पन का तोडात, हाई तू इचारं नही." मला ती कबुली वाटली. तेव्हाही मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात, नानांचं काम बंद केलेल्या शेजारच्या बागेतले व्हॉल्व्ह एकेक करून उघडेनासे झाले. जोड उकरले तर प्लास्टिकच्या कनेक्टरात ओल शिरून तांबं हिरवं पडलेलं. पाकिटावर 'वॉटरप्रूफ' छापलेलं. माल कोरड्या डब्यातच टिकणारा. आमच्याकडेही आधी तेच होते, नानांनीच निवडलेले. धावत जाऊन आमचा एक जोड उकरला... आत ओल अडवणारी, जेल भरलेली टोपी, तार लख्ख. स्वतःची चूक त्यांनी बिघाड होण्याआधीच पदरमोड करून कापून काढली होती. माफी गटाच्या सभेतच मागायची, असं मी ठरवलं. सभा लांबणीवर पडत गेली.

परवा अक्काकडे गेलो. खिडकीत पाण्याचा ग्लास, त्यात बुडवलेला एक जोड. "कनेक्टरनं नवं पाकीट उनं व्हतं," अक्का म्हणाली. "महिनाभर पानीमा ठेवानं, मंग बागमा लावानं, आसं म्हनेत. पानी आटनं का मी टाकस. कव्हय काढानं, ते कोनले इचारू?" ग्लासाखाली माझं पत्रक होतं. मथळ्यावर पाण्याचं गोल कडं उमटलं होतं.

मी जोड बाहेर काढला. दोन बोटांनी ओढला. सुटला नाही.

अक्का बघत होती. म्हणाली, "आखो एकदाव वढ."