हाताने कातलेल्या लोकरीचे बिनबोटांचे हातमोजे

विणताना हात गुंततात, तोंड मात्र मोकळं राहतं. त्यामुळे आमच्याकडे मोज्यांपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. आम्ही तिघी. मी निवृत्त शिक्षिका, शेजारच्या कांचनभाभी, त्यांचं जळगावात कापडाचं दुकान, आणि मूळच्या शिंदखेड्याच्या सुनंदाअक्का. अक्का टकळीवर लोकर कातायला बालपणीच शिकल्या आणि म्हातारपणी आम्हाला त्यांनी कामाला लावलं. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'टाका चुकला'.

* * *

पहिल्यांदा लोकर आणली ती भर उन्हाळ्यात. रिठ्याच्या पाण्यात तीन वेळा धुतली तरी मेंढीचा वास जाईना, म्हणून अक्कांच्या गच्चीवर पसरली. दुपारी वारा सुटला. पलीकडच्या गच्चीवर कांचनभाभींचे उडदाचे पापड वाळत होते.

संध्याकाळी भाभी पापडांचं ताट घेऊन अक्कांच्या दारात उभ्या. प्रत्येक पापडावर लोकर चिकटलेली. शांतपणे म्हणाल्या, "अक्का, पापडांना थंडी वाजत होती असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्यात विणायला बसू लागल्या.

* * *

माझी पहिली जोडी यजमानांना दिली. बोटं उघडी, म्हणजे मोबाइल वापरता येतो, चहाचा कप धरता येतो, हे मी त्यांना नीट समजावलं. जानेवारीत ते घालून फिरायला गेले. बागेत जो भेटेल तो विचारी, "काय सर, लोकर संपली का?"

चार दिवस त्यांनी प्रत्येकाला चहाच्या कपाचं कारण सांगितलं. पाचव्या दिवशी मी सोबत होते. कोणीतरी पुन्हा तेच विचारलं. हे म्हणाले, "नाही हो. बोटं पुढच्या वर्षी येणार आहेत."

* * *

कांचनभाभींनी सासऱ्यांसाठी मोजे विणले. म्हाताऱ्यांचे सांधे थंडीत आखडत, तरी रोज सकाळी दुकानात गादीवर बसण्याचा नेम होता. भाभींनी महिनाभर खपून जोडी पूर्ण केली आणि पाहतात तर दोन्ही डाव्या हाताचे. भाभींचे डोळे भरून आले.

अक्कांनी एक मोजा हातात घेतला, आतली बाजू बाहेर केली आणि दिला. झाला उजव्या हाताचा. फक्त त्याचे उलटे टाके वर दिसत होते.

सासऱ्यांनी दोन्ही घातले, निरखून पाहिले. म्हणाले, "छान आहेत. हा हात गिऱ्हाइकासमोर ठेवीन. हा घरच्यांसाठी."

* * *

गेल्या हिवाळ्यात अक्का मला शिंदखेड्याला घेऊन गेल्या. तिथे खतासाठी लोकांच्या शेतात मेंढ्या बसवणारे एक मेंढपाळ आहेत, नाना. त्यांच्याच कळपाची लोकर आम्ही वापरतो. अक्कांनी त्यांच्यासाठी काळ्या लोकरीची जोडी विणली होती.

नानांनी मोजे घेतले, अंगठ्याने दाबून पाहिले. मग म्हणाले, "हाई मनी काळीनी लोकर शे."

"तुमले कसं समजनं?" अक्कांनी विचारलं.

"रोज हात फिरायेल शे, अक्का."

काळी ही त्यांची मेंढी. तिची लोकर कातरून बरेच महिने झाले होते; आम्ही पोचण्याच्या दोनच दिवस आधी ती साप चावून गेली होती. तिचं कोकरू मागे राहिलं होतं. दुसरी कुठली मेंढी त्याला जवळ येऊ देत नव्हती आणि ते बाटलीला तोंड लावत नव्हतं. नानांच्या बायकोने दोन दिवस बोटाने दूध चाटवून त्याला कसंबसं जगवलं होतं. ते खोपटाजवळ पोत्यावर मान टाकून पडलेलं आम्हाला दिसत होतं.

नानांनी मोजे चढवले. बाटली घेतली आणि त्याच्याजवळ उकिडवे बसले. कोकराने मान उचलली. त्यांच्या मनगटाला नाक लावलं. थोडं थांबलं. मग पिल्लं आईच्या कासेला मारतात तशी मोज्याला एक ढुशी मारली आणि बाटली तोंडात धरली.

बाटली रिकामी होईपर्यंत आम्ही कोणी हललो नाही. मोज्यांवर सगळीकडे दूध सांडलं होतं.

अक्का म्हणाल्या, "द्या नाना, धुऊन आणते."

नाना कोकराकडेच पाहत होते. "ऱ्हाऊ द्या, अक्का," ते म्हणाले. "हाई आते धुवू नका."