मागणी ‘ब’ मान्य

सोलापुरातले आमचे नाट्यगृह माझ्या पत्रामुळे बंद झाले. त्यानंतर मी जे अर्ज, स्मरणपत्रे आणि अपिले लिहिली, त्यांत हे विधान कोठेही नाही, कारण प्रतिपक्षाच्या सोयीचे विधान आपण होऊन करू नये, असे मला नोकरीने शिकवले. हा मजकूर कोणत्याही कार्यालयात दाखल व्हायचा नसल्यामुळे येथे ते करतो.

माझी हयात न्यायालयाच्या कचेरीत गेली. निवृत्तीनंतर एका हौशी नाट्यसंस्थेने मला आपल्यात घेतले ते माझ्या अंगी काही कला होती म्हणून नव्हे. पोलिसांचा परवाना, नाट्यगृहाचे आरक्षण, स्पर्धेचा प्रवेश अर्ज या गोष्टींचा त्यांना कंटाळा होता आणि मला नव्हता. नटमंडळी मला ‘कागदवाले अण्णा’ म्हणत. त्यात थोडी थट्टा होती. ती मी सहन केली.

संस्थेत एक बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणे, वास्तविक त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या, विड्या वळून संसार केलेल्या. घरात तेलुगू, शाळा झाली तीही तेलुगूत, दोन इयत्ता. देवनागरी वाचता येत नसे. वीस-बावीस वर्षे त्या आमच्या नाटकांतून शेजारीण झाल्या, मयताला आलेली नातेवाईक झाल्या, दळण घेऊन जाणारी बाई झाल्या. दोन वाक्ये, फार तर तीन. पण ती वाक्ये माइक नसतानाही शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू येत. लहानपणी त्यांच्या घरात दोन माग चालत. त्या खडखडाटात आईला हाक मारायची तर आवाज पोटातून काढावा लागे, असे त्या सांगत.

आमचे दिग्दर्शक निवृत्त शिक्षक. त्यांनी एका म्हाताऱ्या सुइणीवर नाटक लिहिले आणि सुईण अक्कांना दिली. पहिली मोठी भूमिका. संस्थेत कुजबुज झाली, ती मी ऐकली आणि लक्षात ठेवली.

पाठांतराचे काम माझ्याकडे आले. आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसने मी कुंभारीला जाई. अक्का उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसत, कात्रीने पान कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत. मी खुर्चीवर बसून संवाद वाचत असे. दस्तऐवज वाचतात तसे वाचत असे, एका सुरात, विरामचिन्हांसह. एकदा मला काय सुचले कोण जाणे, सुइणीच्या रागाच्या वाक्याला मी थोडा चढ दिला. अक्कांची कात्री थांबली.

“अण्णा, तुमी अ‍ॅक्टिंग करू नका.”

“का? वाईट झाली?”

“लई वाईट. आणि एकदा डोक्यात बसली की निघायची न्हाय. तुमी आपलं नोटीस वाचल्यासारखं वाचा.”

त्यानंतर मी नोटीस वाचल्यासारखेच वाचले. दोन महिन्यांत संपूर्ण भूमिका त्यांना पाठ झाली, इतरांच्या संवादांसह.

याच सुमारास त्यांचा आवाज बसू लागला. तालमीत मध्येच घोगरा होई. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिले. स्वरयंत्रावर गाठ आहे, ती काढावी लागेल, आणि काढल्यावर आवाज किती राहील ते सांगता येणार नाही, असे त्यांनी माझ्यासमक्ष सांगितले. त्यांच्या मुलीबरोबर मीही गेलो होतो, कागद वाचायला कोणी हवे म्हणून.

“दीड महिना थांबा की डॉक्टर,” अक्का म्हणाल्या. “नाटक होऊ द्या, मग कापा.”

डॉक्टर हसले नाहीत. दीड महिना, त्याहून एक दिवसही जास्त नाही, असे म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख लिहून दिली. स्पर्धेतील आमचा प्रयोग त्या तारखेच्या पाच दिवस आधी होता. म्हणजे मला सर्व ठाऊक होते. माझ्या विरुद्ध लिहायचे झाल्यास हा पहिला मुद्दा घ्यावा.

दुसरा मुद्दा पत्राचा. नाट्यगृहातील स्त्रियांच्या रंगपटाच्या दाराला आतून कडी नव्हती. आमच्या मुली आळीपाळीने दार धरून उभ्या राहत. छताला ओल होती. मी आधी महापालिकेला दोन पत्रे दिली होती, उत्तर नाही. प्रयोगाला महिना राहिला असताना तेथे एक रंगीत तालीम झाली आणि अक्का लुगडे बदलत असताना छताचा गिलावा त्यांच्या खांद्यावर पडला. हाताएवढा तुकडा.

“लागलं न्हाय,” त्या खांदा झाडत म्हणाल्या. “राहू द्या की अण्णा. नाटक झालं की लिहा काय लिहायचं ते.”

मी राहू दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ऊन वर येईस्तोवर लिहीत बसलो. वस्तुस्थिती, कारणे, आणि शेवटी मागण्या. मागणी ‘अ’: सदर रंगपटाची तात्काळ दुरुस्ती करावी. मागणी ‘ब’: ते शक्य नसल्यास, पर्यायाने, सदर वास्तू नागरिकांच्या जीवितास धोकादायक म्हणून वापरासाठी बंद करावी.

दिग्दर्शकांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

“अहो, ही दुसरी कशाला?”

“पर्यायी मागणी घालावी लागते. नाहीतर पहिली फेटाळली की दावा संपतो.”

“कोर्टात हो! इथं कोण न्यायाधीश बसलाय?”

“म्हणूनच घालायची. बंद करण्याची नामुष्की नको म्हणून दुरुस्ती करतील.”

या वाक्याइतके मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरे उच्चारले नसेल. नामुष्की ही गोष्ट कार्यालयाला असते, असे मी सत्तरी ओलांडल्यावरही मानत होतो. जबाबदारी आली की ती झटकायची, दुरुस्ती करायची तर काम असते, कुलूप लावायला एक शिपाई पुरतो, हे साधे शहाणपण विडीच्या सुपाशी बसलेल्या बाईला होते आणि मला नव्हते.

आठव्या दिवशी उत्तर आले. माझ्या कोणत्याही पत्राला आठ दिवसांत उत्तर यावे, हे प्रथमच घडले. ‘आपल्या पत्रातील मागणी ‘ब’ मान्य करण्यात येत असून पुढील आदेशापर्यंत प्रेक्षागृह बंद ठेवण्यात येत आहे.’

मी त्या कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माझे पत्र फायलीत सर्वांत वर होते आणि ‘ब’खाली लाल रेघ ओढलेली होती.

“तुम्हीच मागितलंत ना, आजोबा?”

“मी आधी दुरुस्ती मागितली आहे.”

“ती शक्य नसल्यास, असं लिहिलंय तुम्ही. आम्ही तपासलं. शक्य नाही.”

“केव्हा तपासले? कोणी? अहवाल दाखवा.”

“तुमचं पत्रच इतकं सविस्तर होतं,” ते म्हणाले, आणि यात उपरोध नव्हता, म्हणून ते अधिक लागले, “की वेगळा अहवाल करायची गरज पडली नाही.”

चहा मी घेतला नाही.

स्पर्धेचे केंद्र दुसऱ्या शहरात हलले आणि आमचा प्रयोग दोन महिने पुढे गेला. आम्ही सात रस्ता चौकापासून आरंभ करून शहरातली मंगल कार्यालये पालथी घातली. लग्नसराई होती. जिथे एखादा दिवस मोकळा होता तिथे रंगमंच म्हणजे वधूवरांच्या खुर्च्यांपुरता ओटा. कुंभारीच्या समाजमंदिरात करू, असे कोणी सुचवले, तेव्हा अक्काच नको म्हणाल्या. वीस वर्षे त्या मोठ्या स्टेजच्या कडेला उभ्या राहून त्यांनी दुसऱ्यांची नाटके पाहिली होती. आता मधोमध उभे राहून बोलायचे होते. तेवढेच त्यांना हवे होते. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का, असे मी डॉक्टरांना पत्राने विचारले. त्यांनी दूरध्वनीवर एका शब्दात उत्तर दिले, आणि ते योग्यच होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मी रुग्णालयात गेलो. अक्का खाटेवर बसून शेजारच्या रुग्णाला मोसंबी सोलून देत होत्या. मी पिशवीतून संहिता काढली.

आमच्या संस्थेत एक रीत आहे. नाटकाचे शेवटचे वाक्य पहिल्या प्रयोगापर्यंत कोणी मोठ्याने बोलायचे नाही. तालमीत तिथे आले की नट थांबतो आणि दिग्दर्शक टाळी वाजवतो. मला ही अंधश्रद्धा वाटते, तसे मी लेखी कळवलेही होते. सुइणीला ज्या घराने वाळीत टाकलेले असते, त्याच घरातून शेवटच्या प्रवेशात बोलावणे येते. ती उंबऱ्यावर उभी राहते, सगळ्यांकडे बघते आणि म्हणते, “पाणी तापत ठेवा.” पडदा. हे वाक्य मी अक्कांना एकदाच वाचून दाखवले होते. त्यांच्या तोंडून ते कोणीही ऐकले नव्हते.

“अक्का, तेवढे एक वाक्य म्हणा,” मी म्हणालो. “मी ऐकतो.”

“हितं?”

“येथे काय झाले? उद्यानंतर...”

“पडदा कुटाय अण्णा? लोक कुटायत?” त्यांनी मोसंबीची फोड माझ्या हातावर ठेवली. “तुमाला बरं वाटावं म्हणून म्हणू व्हय?”

त्या चिडून बोलल्या नाहीत. मी चिडलो. इतक्या वर्षांत त्या मला एवढे कठोर बोलल्या नव्हत्या. फोड खाल्ली आणि निघालो.

गाठ निघाली. आवाज गेला. राहिले ते कुजबुजण्यापुरते.

दोन महिन्यांनी संस्थेने तो प्रयोग परगावी केला. सुईण एका तरुण मुलीने केली. चांगली मुलगी आहे, मेहनती आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला संवाद वाचून दाखवायला मी नकार दिला. तिला वाचता येते. प्रयोगालाही गेलो नाही. अक्का गेल्या, मंडळींच्या टेम्पोत बसून, नेसवायच्या लुगड्याचे बोचके मांडीवर घेऊन.

त्या आठवड्यात मी कुंभारीला गेलो. त्या उंबऱ्याशीच होत्या, सूप मांडीवर. तंबाखूपासून लांब राहा, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. ऐकण्यासाठी मला खुर्ची पुढे ओढून वाकावे लागले.

“बरं झालं नाटक,” त्या म्हणाल्या. “बक्षीस मिळंल बहुतेक.”

“छान.”

“शेवटचं मात्र गिळलं पोरीनं. तिसऱ्या रांगेपुढं गेलं न्हाय.”

मी विचारायला नको होते. “कसे म्हणायला हवे होते?”

अक्कांनी पाठ सरळ केली. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडले. नुसती हवा आली. त्यांनी तोंड मिटले आणि हात उंच करून समोर दाखवले: अंगणाच्या पुढे, रस्त्याच्या पलीकडे. तिथपर्यंत.

पलीकडे नळावर एक बाई घागर भरत होती. तिने वर पाहिले नाही.