त्या उन्हाळ्यात लढाई झाली नाही

कारगिलची लढाई सगळ्यांना माहीत आहे. तिचे बोर्ड लागले, वर्गण्या निघाल्या. आमच्या शेजारच्या गावात एका पोराची तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हा सगळा तालुका लोटला होता. मी सांगतोय ती तिच्यानंतरची. दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि फौज सरहद्दीवर नेऊन उभी केली, ती. ती लढाई झालीच नाही. पेपरवालेसुद्धा तिला लढाई म्हणत नाहीत. पण माझ्या घरातलं माणूस तिच्यात गेलं असं मी म्हणतो, आणि ते मला कुणी खोडून दाखवू नये.

मी उचगावचा. जन्मभर फौंड्रीत साच्यात वाळू ठोकली. इंजिनाची चाकं ओतायची आमची भट्टी. नव्वदनंतर कारखान्यांनी माणसं कायम करायचं सोडूनच दिलं. कंत्राटदार सांगेल तेव्हा या, सांगेल तेव्हा घरी बसा. थोरल्या पोराला मी त्यात घालणार नव्हतो. पहाटे त्याला हायवेच्या कडेनं पळवायचो, मी मागून सायकलवर. भरतीत पोरगं पहिल्या झटक्यात निघालं आणि मी गल्लीत पेढे वाटले ते छाती काढून. ठरलेला पगार, म्हातारपणी पेन्शन आणि ताठ मान. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी पोरं फौजेला दिली ती अशीच. देशासाठी दिली म्हणतो आम्ही, आणि ते खोटं नाही. पण भट्टीनं कायम घेतलं असतं तर किती जणांनी दिली असती, हे कुणी विचारत नाही.

शेजारच्या गावची ती पेटी बघून आल्यापासून माझ्या बायकोनं एकच धरलं. पोराचं नाव काढून घ्या. मी म्हणायचो, अगं, फौज म्हणजे तालीम आहे का, वस्तादाला सांगून नाव काढायला? त्यानं लिहून दिलंय. ती म्हणायची, तुम्ही लिहून दिलंय, त्यानं न्हाय. असं बोलून ती चुलीकडं वळायची, आणि मी बाहेर जायचो. दोन्ही बाजूंनी माघार नव्हती.

संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात त्याची सुट्टी मंजूर होती. संक्रांतीला येणार, पोरगी बघायची, सगळं ठरलेलं. सुट्टी रद्द झाली. त्याच दिवसांत आमच्या मालकानं सांगितलं, रेल्वेच्या वॅगन लष्कराकडं गेल्यात. खरंखोटं त्यालाच ठाऊक. पण कोळसा वेळेवर येईना, आणि ओतलेला माल उत्तरेकडं जाईना. आमची भट्टी कधीतरी पेटायची. पलीकडच्या शेडला मात्र लष्कराच्या ट्रकांच्या भागांचं काम लागलं, तिथं रात्रपाळी सुरू झाली. त्यांच्या धुराकडं बघत आम्ही फाटकाशी बसून राहायचो. एकाच सरहद्दीनं एक भट्टी विझवली आणि दुसरी पेटवली.

अशात बायकोचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. सरकारी दवाखान्यात सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात. तिनं औषधाचं विचारलं नाही. पोराला एकदा बघायचं, एवढंच.

मी तार केली. पण आमच्या भागातनं तारांचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. सुगी आली, जत्रा आली, बहिणीचं लग्न निघालं की घराघरांतनं तार जाते, आई सीरियस, ताबडतोब या. सगळ्या फौजींच्या आया बरोबर जत्रेच्या तोंडावर सीरियस होतात. वरचे साहेब त्या तारा वाचून हसतात, हे पोरानंच मागं सांगितलं होतं. आमची तार खरी होती. ती हसण्यावारी गेली का पोचलीच नाही, मला कधी कळलं नाही.

एकदा शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचा फोन आला. तिला दोघांनी धरून नेलं. कुठं आहे ते सांगायला त्याला बंदी होती. हितं लई ऊन हाय, एवढंच म्हणाला. तिनं विचारलं, कवा येतोस? तो म्हणाला, फौज मागं घेतली की येतो.

"मग थांबते मी," ती म्हणाली.

ती थांबली नाही. वैशाखात गेली. धाकट्या पोरानं अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की माणूस सुटलं. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकानं पुढं होऊन मोठ्यानं शब्द द्यायचा, हे करतो, ते बघतो, आणि दिलेला शब्द पाळायचाच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येत नाही.

पान ठेवलं. भाकरी, वांग्याचं भरीत, कपात चहा, मिश्रीची डबी. बाभळीवर कावळे होते. एक खाली उतरला, पानाभोवती फिरला आणि परत वर जाऊन बसला. लेक पुढं झाली, म्हणाली, आबांना मी बघते आई. धाकटा म्हणाला, दारू शिवणार न्हाय. कावळे हलेनात. ऊन चढलं. माणसं रुमाल डोक्यावर घेऊन उभी, पोरं भुकेली. आणि सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडं वळले, कारण तिचं काय राहिलंय ते साऱ्या गावाला माहीत होतं.

माझा मेहुणा, तिचा पाठचा भाऊ, शहरात शिवाजी पेठेत राहणारा, माझ्याजवळ आला.

"म्हणा की दाजी. पोराला परत आणतो म्हणा."

मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"नुसतं म्हणायचंय. तिला सुटू द्या."

नुसतं म्हणायचं कसं? शब्द दिला तर पाळायचा. पाळायचा तर पोराला पळून ये म्हणायचं. सरहद्दीवरनं पळालेल्या शिपायाला काय करतात ते मला ठाऊक होतं. आणि पाळायचा नसेल तर जिच्याबरोबर उभा जन्म काढला तिला तिच्या राखेपुढं फसवायचं. जिवंतपणी मी तिला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. तिला हवं ते दिलं नाही, पण खोटं सांगितलं नाही.

मी पानापुढं गेलो. हात जोडले. मला वाटलं होतं आतनं काहीतरी निघेल. निघालं ते एवढंच.

"अगं, ते माझ्या हातात न्हाय."

बायका मोठ्यानं रडायला लागल्या. कावळे बाभळीवरच राहिले. दुपार कलली तेव्हा म्हाताऱ्यांनी दर्भाचा कावळा वळला आणि तो पानाला लावून विधी उरकला. मेहुणा माझ्या घरी पाणी न पिता निघून गेला.

पुढं सुट्ट्या थोड्या थोड्या सोडायला लागले आणि पोराचा निरोप आला, निघालोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याला आठ-पंधरा दिवसांत परत जाऊन वाळूत बंदूक धरून उभं राहायचं होतं. आई सुटली नाही, तुझ्यापायी अडकली, हे डोक्यात घेऊन तो कसा उभा राहणार? मी गल्लीत घरोघरी जाऊन कावळ्याचं बोलू नका म्हणून सांगितलं. मग पेठेत गेलो. मेहुणा तालमीच्या कट्ट्यावर बसला होता.

"पावणं, पोरगं येतंय. कावळ्याचं त्याला सांगू नका."

"बहिणीशी खोटं बोलाय जमलं न्हाय तुमास्नी. पोराशी जमतंय व्हय?"

मी हात जोडले. आयुष्यात मालकापुढं जोडले नव्हते ते हात चार माणसांत जोडले. तो कट्ट्यावरनं उठून उभा राहिला.

"खाली घ्या दाजी. शोभत न्हाय तुम्हाला."

"न्हाय शोभत."

"सांगत न्हाय मी. पण त्याच्यासाठी. तुमच्यासाठी न्हाय."

पोरगं आलं. आई गेल्याचं कळल्यावर तिकडंच त्यानं मुंडण केलं होतं, केस बोटभर फुटले होते. चेहरा भाजून काळा. आई झोपायची त्या जागी भिंतीला टेकून बसला. मग विचारलं.

"आबा, कावळा शिवला?"

"शिवला."

"लगेच?"

"पान ठेवलं आणि लगेच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. मग बहिणीला म्हणाला, वाढ. पोटभर जेवला.

जाताना मी स्टेशनवर गेलो. त्याची ट्रंक मी डोक्यावर घेतली. ठेवा आबा, लोक बघत्यात, तो म्हणाला. बघू देत म्हटलं. डब्यात चढल्यावर दारातनं वाकून म्हणाला, "म्हणजे तिचं काय ऱ्हायलं न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

गाडी हलली तसा तो हसला, लहानपणी सायकलच्या पुढं पळताना मागं वळून हसायचा तसा. मी हात वर केला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.