लेक एक, नावं दोन

देव आहे की नाही, हा प्रश्न मला फारसा कधी पडला नव्हता. तळेगावच्या शाळेत गणित शिकवलं, संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, एवढीच माझी भक्ती. पण लेकीचा अर्ज फेटाळल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी दिवा लावला नाही. माहेरच्या देवीवर चिडलेच होते मी.

माझी सुमन नवऱ्याच्या मारातून निसटून मैत्रिणीच्या आधाराने परदेशी गेली. "परत आली तर जिवंत सोडणार नाही," असं जावई माझ्या दारात उभा राहून सांगून गेला होता. म्हणून तिने तिथल्या सरकारकडे संरक्षण मागितलं. अधिकाऱ्याने नकार दिला. पासपोर्टवर सुमन, आणि मार खाल्ल्यावर दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर वैदेही. या दोन वेगळ्या बायका आहेत, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे लग्नात नवरामुलगा ताटातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे सुमनने त्याला सांगितलं होतं. त्याने ते कानाआड केलं. आणि काय गोड नाव ठेवलं म्हणून मांडवात पेढे वाटणारी मीच!

प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या वकीलबाईंनी फोनवर समजावलं, की कोर्ट नवा पुरावा घेणार नाही, आधीचा निर्णय नीट विचार करून दिला होता का, एवढंच तपासेल. म्हणजे लग्नाचे फोटो पाठवूनही उपयोग नव्हता. आई असून हातावर हात ठेवून बसायचं, हेच मला सगळ्यांत जड गेलं.

सुनावणीच्या दिवशी घरात बसवेना. लोकलने कान्ह्याला उतरले आणि माहेरच्या वाघजाईचा डोंगर चढले. गुडघे कुरकुरत होते, मी त्यांच्याहून जास्त. देवीपुढे खण-नारळ धरला आणि अडले. लग्न झालेल्या लेकीसाठी ओटी भरताना आमच्यात सासरचं नाव घेतात. ते नाव माझ्या तोंडून निघेना. माहेरचं घेतलं तर ओटी पोचेल का, हीही धास्ती. तशीच उभी राहून मी रडू लागले.

मागे एक अनोळखी म्हातारी ओटी घेऊन थांबली होती. ती पुढे आली.

"कुणासाठी वटी भरतीस गं, बाई?"

"लेकीसाठी. पण तिची नावं दोन आहेत, मावशी. कोणतं घेऊ?"

"पोर तर येकच हाय न्हवं? तू हाक मारतीस त्ये घे. बाकीचं हिला ठावं हाय."

तिने माझ्या हाताखाली आपला हात धरला. मी "सुमन" म्हटलं आणि ओटी ठेवली. देवीला सांगितलं, बाई, माझ्याच्याने आता होत नाही, तूच बघ. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली. त्या म्हातारीचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

काही आठवड्यांनी निकाल लागला. सुमन आधी फोनवर नुसती रडली, मग तिने सांगितलं. नाव का बदललं हे तिने सांगूनही त्याचा विचारच झाला नाही, म्हणून तो नकार कोर्टाने रद्द केला. आता दुसरा अधिकारी सगळं पहिल्यापासून ऐकेल, आणि तोवर तिला कुणी परत पाठवणार नाही.

याला चमत्कार म्हणावं का, या वादात मी पडत नाही. पुढची सुनावणी व्हायची आहे, भीतीही गेलेली नाही. पण दिवा पुन्हा लावते. रोज फोनवर "सुमन" म्हणून हाक मारते, आणि पलीकडून "काय गं, आई?" असं ऐकू येतं. आजचा दिवस देवीने दिला. लेक मी तिच्या ओटीत घातली आहे.